जुनी पिकअप, घरचं गॅरेज: पाटा वाढवला आणि ब्रेक हरवले

(आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज मोबाईल नाही, ॲप नाही, कोडिंग नाही. आज बोलायचंय जुन्या पिकअपबद्दल. तुमच्या दारात नसली तरी मामाच्या, काकाच्या नाहीतर शेजाऱ्याच्या दारात एक नक्की उभी असते. हौद्याला पोचे, फाळक्याला तार बांधलेली, आणि मागे लिहिलेलं "आईचा आशीर्वाद".

आमच्याकडे पण एक आहे. डिझेल, १३ वर्षं जुनी. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण जे झालं त्यात कंपनीची चूक नव्हती, आमची होती. आमचं गाव जुन्नर तालुक्यात. आप्पा, म्हणजे माझे वडील, तीच गाडी घेऊन टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला नेतात आणि सीझनमध्ये कधीकधी माळशेज उतरून कल्याणला.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. इंजिनिअर असलो तरी गाडीच्या बाबतीत दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझी अक्कल हवा भरण्यापुरतीच होती. मग एका रात्री आप्पांचा फोन आला.

त्या रात्री काय झालं

रात्रीचे दोन वाजले होते. आप्पा एवढंच म्हणाले, "पेडल तळाला लागतंय रे. गाडी उभी केलीय. काळजी करू नको."

आता रात्री दोनला वडील "काळजी करू नको" म्हणाले की पोरगा काय करतो, ते तुम्हाला माहितीये. घाट जवळपास उतरून झाला होता. आप्पांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आणली, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि मोकळी जागा बघून डोंगराच्या बाजूला गाडी टेकवली. तासभर थांबले. मग पेडल दाबून बघितलं तर एकदम कडक! जसं काही झालंच नव्हतं.

सकाळी मेस्त्रीकडे गाडी दाखवली. त्यांनी लायनर बघितले, ठीक. गळती बघितली, कुठेच नाही. चक्कर मारून आले, ब्रेक लागतोय. म्हणाले, "काही नाही, जास्त तापला असेल."

ते चुकीचं बोलले नव्हते, पण ते अर्धंच उत्तर होतं. आम्ही प्रोग्रामर लोक अशा बगला फार घाबरतो. जो बग आपोआप जातो, तो आपोआप परत येतो. म्हणून त्या आठवड्यात सुट्टी टाकून मी गावी गेलो आणि गाडीखाली शिरलो. तिथून पुढे जे शिकलो ते आज सांगतो.

घाट उतरताना किती उष्णता तयार होते

आधी थोडं गणित. घाबरू नका, बारावीचंच आहे.

गाडी घाटावर असते तेव्हा तिच्यात उंचीची ऊर्जा साठलेली असते. खाली उतरताना ती कुठेतरी जायलाच हवी. वेग वाढू द्यायचा नसेल तर तिची उष्णता होणार. हिशोब केला तर एक सोपा आकडा हाताला लागतो: १ टन वजन ३०० मीटर खाली आलं की जेवढी ऊर्जा सुटते, तेवढ्यात ३० अंशांचं १० लिटर पाणी उकळीला येतं.

आता बघा. रिकामी पिकअप साधारण पावणेदोन टन. आमच्या गाडीची कागदावरची क्षमता सव्वा टन. दोन्ही मिळून झाले ३ टन. म्हणजे ३०० मीटर उतारात ३० लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता. माळशेजचा उतार तर याहून मोठा आहे.

यातली काही ऊर्जा टायर आणि हवा खाऊन टाकतात. उरलेली दोघांनी वाटून घ्यायची असते, इंजिनाने आणि ब्रेकने. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिन मोठा वाटा उचलतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगतात ते यासाठीच. आणि डिझेल वाचवायला कोणी न्यूट्रल मारून घाट उतरत असेल तर तो इंजिनाचा वाटाही ब्रेकच्या डोक्यावर टाकतो. तसं पण फ्युएल इंजेक्शनच्या आजच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की उतारावर डिझेल जवळपास बंदच होतं. म्हणजे न्यूट्रल मारून वाचत काहीच नाही.

आता आमच्या गाडीची खरी परिस्थिती. भरलेला क्रेट साधारण २२ किलोचा. सव्वा टनात बसतात ५५ क्रेट. त्या रात्री गाडीत होते ८०. साडेपाचशे किलो जास्त. म्हणजे दर ३०० मीटरला अजून साडेपाच लिटर पाणी उकळायचं, आणि ब्रेक तेच.

पेडल मऊ का पडलं

पेडल दाबल्यावर चाकापर्यंत जोर पोचवतं ते ब्रेक ऑइल. आपण ऑइल म्हणतो, पण ते इंजिन ऑइलसारखं तेल नाही. (चुकून त्यात इंजिन ऑइल टाकलं तर आतले रबरी सील फुगून अख्खी सिस्टीम खराब होते. असं करणारे लोक आहेत, म्हणून सांगतोय.)

ब्रेक ऑइलचा एक स्वभाव आहे, ते हवेतलं पाणी शोषून घेतं. पावसाळ्यात मीठ जसं ओलं होतं तसंच. डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं. मानकाप्रमाणे नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये, पण पाणी शोषल्यावर हाच आकडा १४० अंशांवर येतो. डॉट ४ साठी तेच आकडे २३० आणि १५५.

घाटात ड्रम तापले, त्यांची उष्णता व्हील सिलिंडरपर्यंत पोचली आणि ओलं झालेलं ऑइल आत उकळलं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल सरळ तळाला. तासाभराने सगळं थंड झालं, वाफेचं परत द्रव झालं, पेडल कडक. म्हणूनच सकाळी मेस्त्रींना काहीच सापडलं नाही. रात्रीचा पुरावा सकाळी विरघळून गेलेला!

मी आप्पांना विचारलं, "ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?" ते म्हणाले, "बदलायचं कशाला? कमी झालं की टाकतो की."

दहापैकी नऊ घरी हेच उत्तर मिळेल. साधा नियम आहे: दर दोन वर्षांनी, गाडी चालो न चालो, ब्रेक ऑइल पूर्ण बदला. खर्च काही शे रुपयांचा.

पण खरा घोळ पाट्यात होता

ऑइल बदललं, आता विषय संपला असं मला वाटलं होतं. पण गाडीखाली झोपल्या झोपल्या एक गोष्ट दिसली. मागच्या ॲक्सलवर एक बारीक दांडी, तिला स्प्रिंग, आणि ती जाते चासीला बसवलेल्या एका छोट्या व्हॉल्व्हकडे. हे काय, असं विचारलं तर आप्पांना माहीत नाही. मेस्त्री म्हणाले, "ते एलएसपीव्ही. त्याला हात लावू नको."

एलएसपीव्ही म्हणजे लोड बघून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह. पिकअपमध्ये तो का लागतो? रिकामी पिकअप मागून अगदी हलकी असते. अशा वेळी मागच्या चाकांना पूर्ण ब्रेक लागला तर ती चटकन लॉक होतात आणि गाडीची शेपटी फिरते. पावसात तर नक्कीच. उलट गाडी भरलेली असेल तर मागे वजन असतं, तिथे जास्त ब्रेक चालतो, नव्हे, लागतोच.

मग व्हॉल्व्हला कसं कळतं गाडी भरली की रिकामी? वजनकाटा तर लावलेला नाही. तो फक्त एकच गोष्ट बघतो, चासी आणि ॲक्सलमधलं अंतर. माल भरला की पाटे दबतात, चासी खाली येते, दांडी हलते, व्हॉल्व्ह उघडतो आणि मागे जास्त दाब जातो. गाडी रिकामी झाली की पाटे उठतात आणि व्हॉल्व्ह दाब कमी करतो. इलेक्ट्रॉनिक्स शून्य, आणि तरी कसलं भारी डिझाइन!

आता आम्ही काय केलं होतं? तीन वर्षांपूर्वी मागे दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकला होता. सगळेच टाकतात. गाडी भरल्यावर बसत नाही, रुबाबात उभी राहते.

पण व्हॉल्व्हच्या बाजूने विचार करा. ८० क्रेट भरले तरी जादा पाट्यामुळे गाडी दबलीच नाही. अंतर जास्त दिसतंय, म्हणजे गाडी रिकामी, असं व्हॉल्व्हला वाटलं. त्याने इमानदारीत मागचा ब्रेक कमी केला. मग सगळं ओझं पुढच्या ब्रेकवर. पुढचे तापले, ऑइल उकळलं, आणि पुढचं तुम्हाला माहितीये.

आमच्या भाषेत सांगायचं तर कोड बरोबर होता, इनपुट चुकीचा होता. आम्ही ज्याला अपग्रेड समजत होतो त्याने वजन वाढवलं आणि त्याच वेळी ब्रेक कमी केला. आणि रस्त्यावर ते जाणवतही नाही, कारण सपाट रस्त्यावर ४०-५० च्या वेगाने पुढचे ब्रेक एकटे काम भागवतात.

एक उलटा जुगाड पण चालतो, तोही सांगून ठेवतो. काही जण त्या दांडीला तार बांधून व्हॉल्व्ह कायमचा पूर्ण उघडा ठेवतात. ब्रेक एकदम कडक लागतो म्हणून ड्रायव्हर खूश. पण माल उतरवून रिकामी गाडी घेऊन पावसात परत येताना तीच गाडी आडवी होते. तुमच्या गाडीला अशी तार दिसली तर आजच काढा आणि माहीतगार माणसाकडून सेटिंग करून घ्या. ते सेटिंग कंपनीने दिलेल्या मापाने आणि प्रेशर गेज लावून करतात, अंदाजाने नाही. घरी आपण एवढंच बघायचं: दांडी हलते का, गंजून जाम झालीय का, स्प्रिंग तुटलीय का.

मग आम्ही कुठल्या क्रमाने काम केलं

रीलमध्ये पिकअपचं अपग्रेड म्हणजे एलईडी बार, जाड टायर, मोठा हॉर्न आणि हौद्याला नवा रंग. जुन्या गाडीला आधी लागतं ते तिला मूळ स्थितीला आणणं. १३ वर्षांच्या गाडीत मूळ ताकदीचे ब्रेक, मूळ मापाचे टायर आणि गळत नसलेलं रेडिएटर परत आलं, तर तेच सगळ्यात मोठं अपग्रेड. आम्ही क्रम असा ठरवला: आधी थांबणं, मग रस्ता धरणं, मग थंड राहणं, मग दिसणं. शोभा शेवटी.

पहिलं, थांबणं. जादा पाटे काढले. ब्रेक ऑइल पूर्ण बदललं. हे काम दोन माणसांचं आहे. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा चाकाजवळचं ब्लीड निप्पल उघडतो, ऑइल नळीतून बाटलीत येतं, निप्पल बंद, मगच पेडल सोडायचं. हवा आणि काळं ऑइल जाऊन स्वच्छ येईपर्यंत हेच. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी घेतात, तरी आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला क्रम बघून घ्या. वरची टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर हवा आत जाते आणि पहिल्यापासून सुरुवात.

यात आमची एक चूक झाली. आम्ही चासीला जॅक लावून मागची चाकं लोंबकळत ठेवली होती. मग एलएसपीव्हीला गाडी एकदम रिकामी वाटली आणि मागे ऑइल धड येईचना. नंतर ॲक्सलखाली आधार दिला, पाट्यांवर वजन आलं आणि काम झालं. ऑइल अंगावरच्या रंगावर सांडू देऊ नका, रंग सोलून निघतो. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता.

ड्रम उघडले तर आतली धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने फुंकायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क लावा.

दुसरं, टायर. टायरच्या बाजूला चार अंकी आकडा असतो, उदाहरणार्थ ३२१९. म्हणजे २०१९ सालातला ३२ वा आठवडा. आमच्या स्टेपनीचा आकडा बघितला तर ती गाडीएवढीच म्हातारी निघाली! नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होतं, चिरा पडतात. नक्षीच्या खोबणीत छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलीमीटरवर असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला.

आणि मोठे टायर टाकायचा मोह टाळा. टायरचा व्यास ५ टक्के वाढला तर स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ ने चाललेली असते, आणि तेवढ्याच ब्रेकला मोठं चाक थांबवावं लागतं. म्हणजे पाट्याची गोष्ट परत तीच.

तिसरं, थंड राहणं. जुन्या डिझेल गाडीचा सगळ्यात महाग खर्च म्हणजे इंजिन तापून हेड उतरवायला लागणं. ते टाळणाऱ्या वस्तू मात्र स्वस्त आहेत.

रेडिएटरचं झाकण घ्या. ते नुसतं झाकण नाही, ते आत दाब धरून ठेवतं. साधारण १ बार जादा दाब असेल तर पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की दाब राहत नाही आणि चांगलं इंजिन पण घाटात उकळतं. काही शे रुपयांचं झाकण बदलायच्या आधी लोक हजारोंचं रेडिएटर बदलतात. झाकण गरम असताना मात्र कधीही उघडू नका. आतलं पाणी १०० अंशांच्या वर असतं, दाब गेला की क्षणात उसळून चेहऱ्यावर येतं.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायचं बंद करा. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. घरच्या बादलीवर पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर डब्यावर दिलेल्या प्रमाणात घाला.

आणि थर्मोस्टॅट. गाडी तापते म्हटलं की "थर्मोस्टॅट काढून टाक" हा सल्ला हमखास येतो. आमच्याही गाडीतला कोणीतरी काढलेला होता. थर्मोस्टॅट नसला की इंजिन लवकर गरमच होत नाही. डिझेल नीट जळत नाही, ॲव्हरेज कमी होतं, झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच परत फिरतो, म्हणजे तापण्यावर उपाय करताना तापणंच वाढतं. नवा थर्मोस्टॅट आणून घरी तपासता येतो. पातेल्यात पाण्यासोबत ठेवून गॅसवर तापवा, त्याच्यावर लिहिलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला हवा. आईने विचारलं, "हे काय शिजवतोस?" पातेलं मात्र वेगळं घ्या, हे अनुभवाने सांगतो.

चौथं, दिसणं. माळशेजचं धुकं ज्यांनी बघितलंय त्यांना हेडलाइटचं महत्त्व सांगायला नको. आप्पांचं म्हणणं होतं लाइट मंद झालेत, जास्त वॉटचे बल्ब टाकू. मी आधी मल्टिमीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट, आणि बल्बच्या टोकाला जेमतेम १२. मधले २ व्होल्ट जुन्या वायरीत, गंजलेल्या अर्थिंगमध्ये आणि झिजलेल्या स्विचमध्ये गायब!

हॅलोजन बल्बचं व्होल्टेज १० टक्के कमी झालं की प्रकाश साधारण ३० टक्के कमी होतो. आणि ५५ वॉटचे दोन बल्ब मिळून ९ अँपिअर घेतात. तिथे १०० वॉटचे लावले तर १६ च्या वर, आणि तेही १३ वर्षांच्या वायरीतून. मग वास येतो, मग धूर.

आम्ही बल्ब तेच ठेवले. अर्थिंगची जागा घासून स्वच्छ केली आणि बॅटरीवरून फ्यूज लावून रिले बसवला. रिले म्हणजे असा स्विच की जुन्या स्विचने फक्त इशारा द्यायचा आणि मोठा करंट नव्या जाड वायरीतून जायचा. त्याच बल्बचा उजेड बघून आप्पा म्हणाले, "नवे टाकलेस काय?" हॅलोजनसाठी बनवलेल्या काचेत स्वस्त एलईडी बल्ब टाकले तर उजेड जिथे पडायचा तिथे न पडता समोरच्याच्या डोळ्यात जातो. घाटात समोरचा आंधळा झाला तर धोका आपल्यालाच.

घरी काय करायचं, काय नाही

घरी आरामात जमण्यासारखी कामं: ऑइल आणि फिल्टर बदलणं, एअर फिल्टर, डिझेल फिल्टरखालचा नळ सोडून पाणी काढणं, कूलंट, बेल्ट बघणं, बॅटरीची टोकं साफ करणं, ग्रीस गनने क्रॉस आणि पाट्यांच्या पिनांना ग्रीस मारणं. आणि हौदा खालून धुणं. खताच्या पोत्यातून सांडलेले दाणे ओले झाले की पत्रा कसा खातात, ते खाली वाकल्याशिवाय दिसत नाही.

मेस्त्रीकडेच सोडायची कामं: डिझेल पंप, इंजेक्टर, स्टेअरिंग बॉक्स, एलएसपीव्हीचं सेटिंग आणि चासीचं कुठलंही वेल्डिंग. ब्रेकचं काम पहिल्यांदा करताना शेजारी जाणता माणूस हवाच. आमच्या मेस्त्रींनी एक रविवार माझ्यासाठी दिला आणि मी केलेलं प्रत्येक निप्पल स्वतः पान्याने तपासलं.

आणि एक नियम न मोडण्याचा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही. खाली घोडी लावा, चाकांना दोन्हीकडून ओट लावा. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक रचून त्यावर गाडी ठेवू नका. वीट वाकत नाही, एकदम फुटते.

आम्ही एक वही केली आहे. तारीख, किलोमीटर, काय बदललं, बस. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आठवडाभर गाडी बघायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

पैशाची गोष्ट

आता अवघड भाग. गाडीखालचं काम सोपं होतं, पाटे काढायला आप्पांना राजी करणं अवघड होतं.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. "तुझा पगार एक तारखेला येतो. मला २५ क्रेट कमी नेले की त्या खेपेचा फायदाच डिझेलमध्ये जातो." यावर मी कुठलं गणित सांगणार? टोमॅटोचा भाव पडला की शेतकरी गाडी गच्च भरतो, हे मला पण दिसतं.

मग आम्ही वही घेऊन बसलो. वर्षभरात जादा मालामुळे काय काय गेलं ते लिहिलं: टायर लवकर गेले, क्लच प्लेट एकदा, मागची बेअरिंग एकदा. शिवाय ओव्हरलोड सापडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल केला तर कलम ५२ आडवं येतं. आणि ८ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस, म्हणजे आपलं पासिंग, करावंच लागतं.

हे सगळं ऐकून आप्पा गप्प बसले होते. ते दंडाने पटले असं मला वाटत नाही. आई आतून म्हणाली, "त्या रात्री फोन आला तेव्हा मी जागीच होते." एवढंच. दुसऱ्या दिवशी आप्पा स्वतःच पाना घेऊन पाट्यांना भिडले.

आता गाडीत ५५ क्रेट जातात. जास्त माल असला तर शेजारच्या काकांच्या गाडीसोबत वाटून नेतात, नाहीतर दुसरी खेप. दर खेपेला पैसे थोडे कमी सुटतात, ते मी लपवत नाही. भाव पडलेल्या आठवड्यात आप्पा अजून कुरकुर करतात.

जाता जाता

तुमच्या घरी जुनी पिकअप असेल तर या रविवारी चार गोष्टी करा. एक, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारा. उत्तर आलं नाही, तर तेच उत्तर समजा आणि बदलून टाका. दोन, मागच्या ॲक्सलजवळची ती दांडी शोधा. तार बांधलेली आहे का, जाम झालीय का, बघा. तीन, स्टेपनीसकट पाचही टायरवरचा चार अंकी आकडा वाचा. चार, इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून त्याचं रबर बघा. मोबाईलची टॉर्च आणि अर्धा तास पुरतो.

आणि जादा पाटा टाकलेला असेल तर घरच्यांशी भांडू नका. वही घेऊन बसा.

पुढच्या भागात जुन्या पिकअपच्या बॅटरी आणि चार्जिंगबद्दल बोलू, कारण थंडीत पहाटे धक्का मारायला मलाच बोलावतात. तोपर्यंत गाडी गिअरमध्ये उतरवा. भेटू!